बाजूच्या सीटवरून

पितळेची ती कडी त्याच्या तळहातावर मावत होती, आणि तिच्या आतल्या अंगाला ज्या बारीक रेघा असायला हव्या होत्या त्या जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या — बोट फिरवलं की एखाददुसऱ्या ठिकाणी किंचित खरखर, बाकी सगळं गुळगुळीत, थंड, तेलकट... फार वर्षं बोटात राहिलेली अंगठी आतून होते तसं. त्याला ती कडी खाली ठेववेना. ठेवायची तर कुठे, हेही कळेना. गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची आपापली जागा होती, आणि आपण ती भलतीकडे ठेवली तर मिस्त्री काही बोलणार नाही, नुसती उचलून योग्य जागी ठेवेल, या कल्पनेनेच तो ओशाळला.

"बघितलंत ना काका?" मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला. "आतली चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. एकमेकांत जायच्या आधी ही कडी त्यांना एका चालीवर आणते. ही गेली की मग नुसती भांडणं. तुमचा दुसरा गिअर म्हणूनच बाहेर उडत होता."

"पण झिजली कशाने?"

"सवयीने. क्लच पुरता दाबायच्या आत दांडा ओढायचा. एकदा नाही, दोनदा नाही, रोजचं. गाडी कोण चालवतं, तुम्ही?"

"नाही, मला येत नाही. ही... बायको चालवते."

"एकट्याच?"

आणि तो म्हणाला, "हो."

"मग काकूंना सांगा — पाय आधी, हात नंतर." मिस्त्री हसला. "बायकांची आपली घाई असते."

त्याने मान हलवली. कडी टेबलाच्या अगदी कडेला ठेवली.

मग मिस्त्रीने त्याला दोन्ही गिअरबॉक्स दाखवले. एक होता मूळचाच, चार गिअरचा, दोन मेलेल्या गाड्यांतून चांगले चांगले भाग काढून मिस्त्रीने महिनाभर बसून जुळवलेला. तो जसाच्या तसा बसणार होता, दांडाही तोच राहणार होता — पुढे, पाय ठेवायच्या जागेतून निघून मागे झुकलेला, लांब, वेताच्या काठीसारखा, डोक्यावर काळी गोळी. दुसरा होता पाच गिअरचा, नंतरच्या एका गाडीचा. तो बसवायचा तर गाडीचा तळ वीतभर कापून पुन्हा सांधावा लागणार होता. क्लच हलका होणार होता, हमरस्त्यावर इंजिन ओरडणार नव्हतं, सुटे भाग कुठेही मिळणार होते. दांडा मात्र आखूड, आणि चालवणाऱ्याच्या मांडीला लागून, पार मागे.

"जुना बसवला तर गाडी गाडी राहील," मिस्त्री म्हणाला, "आणि पाच वर्षांनी तुम्ही परत हाच प्रश्न घेऊन याल. नवा बसवला तर गाडी चालेल. आज चारला वेल्डर येतोय. तळ कापायचा असेल तर तोवर सांगा, तो पुन्हा महिनाभर हाताला लागत नाही."

पाच वर्षांनी... शहात्तर अधिक पाच. तो नुसता "बरं" म्हणाला आणि चालत घरी निघाला.

हो — एवढंच तर म्हटलं आपण. तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं. सोमवार ते शनिवार ती एकटीच चालवायची, सगळ्या गावाने पाहिलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती होती, आणि विहिरी, टाक्या, तलाव असे गावोगावचे नमुने आणायला तिला ही छोटी गाडी लागायची. मागच्या सीटवर लाकडी खोका, खोक्यात चोवीस बाटल्या. गाडी वळणावर वळली की चोवीसही एकदम किणकिणायच्या, आणि ते ऐकून स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला कळायचं की आता ती कोपऱ्यावर आली, चहाचं आधण ठेवायला हरकत नाही. तो घरीच असायचा. लोकांच्या पुस्तकांच्या शेवटी ज्या सूच्या असतात — कुठला शब्द कुठल्या पानावर आला त्याच्या — त्या तो करायचा. आयुष्यभर तेच केलं. स्वतः एक ओळ लिहिली नाही, पण दुसऱ्याने कुठे काय लिहिलंय ते मात्र विचारा... विनोदाने तिची बहीण म्हणायची, याला कुणी विचारलं की तुझं लग्न कधी झालं, तर हा सांगेल, पान बावन्न.

रस्त्याच्या कडेला सावली होती तरी तो उन्हातून चालत होता, हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

चौतीस वर्षांपूर्वी ती एका तलावाच्या पायरीवरून घसरली आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. दुसरं कुणी नमुने आणायला तयार नव्हतं, त्यात साथीचे दिवस, पाणी तपासायला उशीर करून चालणार नव्हतं, आणि ती काही ऐकणाऱ्यातली नव्हती. "तुम्ही बाजूला बसा," ती म्हणाली, "चाक मी धरते, पाय माझे चांगले आहेत. दांडा तेवढा तुम्ही हलवा. मी आकडा सांगते." तो घाबरला होता. मला यंत्रातलं काही कळत नाही, मी आयुष्यात एक सायकल, तीही उतारावर... पण ती सांगायची, "दोन", आणि तो दोन्ही ओठ घट्ट मिटून दोन टाकायचा. "तीन. अहो, तीन! ते एक आहे." गाडी आचके द्यायची, बाटल्या खणखणायच्या, तेव्हा आठ वर्षांची असलेली लेक मागे खोक्याला मिठी मारून हसून हसून बेजार व्हायची. "दोघं मिळून एक ड्रायव्हर!" दोन आठवड्यांत आकडे सांगायची गरज संपली. त्याचं लक्ष तिच्या डाव्या गुडघ्याकडे असायचं — गुडघा किंचित उचलला गेला, पुढे झाला, की त्याचा हात निघायचा. इंजिनाचा आवाज, गुडघा, हात. आयुष्यात दुसरं कुठलंच काम त्याने इतक्या वेळेवर केलं नव्हतं.

मग प्लॅस्टर निघालं. आणि त्यानंतरचा पहिला रविवार...

हा रविवार त्याने मनात किती वेळा काढून पाहिला असेल. तिघं कुठेतरी जायला निघाले होते. ती बसली, किल्ली फिरवली, आणि तिचा डावा हात, बरा झालेला, सुकलेला, फिकट, मांडीवरच राहिला. त्याचा उजवा हात सवयीने दांड्यावर गेला होता. क्षणभर दोघंही थांबले. त्याला वाटलं, आता ती म्हणेल, राहू द्या, आता मी टाकते. ती काही बोलली नाही. तिला वाटलं असेल, याला आवडायला लागलंय, कशाला हिरमोड करा. किंवा — त्याला वाटलं, हिचं मनगट अजून दुखत असेल, सांगत नसेल, म्हणून आपण हात काढू नये... आणि गुडघा उचलला गेला, आणि त्याने पहिला टाकला. बस. त्या दिवसापासून दोघं गाडीत असले की हे असंच. कामावर ती एकटी जायची तेव्हा सगळं स्वतः करायची, मजेत करायची. तो शेजारी बसला की तिचा हात मांडीवर. त्यावर कधी एक शब्द झाला नाही. चौतीस वर्षांत नाही.

कुणी कुणाचं मन राखलं? ज्याची सूची करता येत नाही अशी हीच एक गोष्ट होती. कुठल्या पानावर आहे तेच सापडत नव्हतं. आणि दोघांनी एकमेकांचं मन राखायला म्हणून चौतीस वर्षं ही कसरत केली असेल, दोघांपैकी एकालाही ती नको असेल, तर... तर पाच गिअरचा बसवायचा, दांडा तिच्या मांडीजवळ जाईल, आपला हात आपल्या मांडीवर येईल, आणि काही न बोलताच सगळं मिटेल. सोपं होतं. लेकही फोनवर तेच म्हणाली होती. "बाबा, आता पुरे ना तुमची ती जोडगोळी. आईला दर गुरुवारी मावशीकडे जायचं असतं, दोन तासांचा रस्ता, तिला झेपेल असं घ्या." मावशी म्हणजे ती पान-बावन्नवाली बहीण. हल्ली तीच माणसं विसरायला लागली होती. त्याचं नाव तर साफ गेलं होतं. पण गाडी तिच्या गल्लीत शिरली, दुसऱ्या गिअरचा तो म्हातारा, गुणगुणता सूर आला, की घरातून ती ओरडायची, "आले! गिअरवाले आले!" हा सूरही नव्या गिअरबॉक्सबरोबर जाणार होता. पण हे कारण पुढे करणं म्हणजे... आजारी बाईच्या आडून आपलंच काहीतरी मागण्यासारखं होतं.

आणि ती कडी. कडी कुणी झिजवली हे त्याला मिस्त्रीने विचारायच्या आधीच कळलं होतं. गेल्या वर्षापासून त्याचा उजवा खांदा धरला होता. हात पुढे नेला की खांद्यात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. म्हणून तो मिनिटभर सोसण्याऐवजी एकदाच, झटक्याने, अंगाचा भार टाकून दांडा ओढून मोकळा व्हायचा — गुडघा पुरता जायची वाट न बघता. करकर यायची. ती समोर रस्त्याकडे बघत राहायची. एवढी चोख बाई, गाडीच्या काचेवरचा डाग तिला खपत नाही, ती करकर ऐकून गप्प बसायची. आणि आज त्याने, जिच्या गाडीचे आपण दात पाडले, तिच्याच नावावर ते दात पाडल्याचं पाप घालून...

घरी ती खिडकीशी पुस्तक वाचत बसली होती, डावा पाय स्टुलावर लांब करून. हल्ली तशीच बसायची, वाचायला बरं पडतं म्हणायची. त्याने पाणी आणून दिलं. तिने पेला आधी उजेडाकडे धरून बघितला, मगच तोंडाला लावला. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती.

"काय म्हणाला मिस्त्री?"

"दोन आहेत. आपल्यासारखाच चार गिअरचा, आणि एक पाच गिअरचा. चारपर्यंत सांगायचंय."

"मग सांगा."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? घराचा रंग मी ठरवला, लेकीची शाळा मी ठरवली, तुमच्या नाकावरचा चष्मासुद्धा मीच ठरवलाय. एक गिअरबॉक्स तरी ठरवा की! गाडीच्या पोटात बसणार तो, कोण बघायला येणार आहे?"

तो हसला नाही. "दुसऱ्या गिअरची कडी झिजलीय," तो म्हणाला. "क्लच पुरता दाबायच्या आत दांडा ओढल्यामुळे."

"बरं."

"त्याने विचारलं, गाडी कोण चालवतं. मी म्हटलं, तू."

"बरोबरच आहे."

"एकटीच का, असं विचारलं. मी... हो म्हटलं."

पेला खाली ठेवला गेला.

"म्हणजे त्या मिस्त्रीला आता वाटतंय की मला क्लच दाबता येत नाही?"

"मी सांगेन त्याला—"

"धरणाच्या भिंतीवरून अख्खी गाडी उलटी घेतलीय मी! एका अंगाला पाणी, एका अंगाला दरी. तुम्ही डोळे मिटून बसला होतात!"

"हो."

"एक ओरखडा नाही गाडीला माझ्या हातून. आणि तुम्ही हो म्हणून आलात!"

"चुकलं माझं."

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं, अगदी पूर्वीचं, खांदे हलवणारं. ते आलं तसंच अर्ध्यावर थांबलं. तिने स्टुलावरचा पाय हाताने धरून, एखादी जड पिशवी उतरवावी तसा, खाली ठेवला.

"तसं त्याचं फारसं चुकलं नाही म्हणा," ती म्हणाली. "पाय पुरता जातच नाही माझा. दोन वर्षं झाली. शेवटचं बोटभर राहतंच."

तिचा गुडघा. त्याच गुडघ्याकडे तो दोन वर्षं बघत होता, आणि तो पूर्वीसारखा उचललेला स्पष्ट दिसत नाही म्हणून आपले डोळे अधू झाले असं समजून गेल्या पावसाळ्यात चष्म्याचा नंबर वाढवून आला होता.

"बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही खांद्याचं बोललात?"

म्हणजे तिला माहीत होतं. पाय बोटभर कमी जायचा, हात क्षणभर आधी यायचा, आणि त्या दोन्हींच्या मधे ती पितळेची कडी... दोघांनीही करकर ऐकली होती आणि दोघांनीही ती आपलीच म्हणून ऐकली होती. त्याला एकदम विचारावंसं वाटलं — त्या पहिल्या रविवारी, प्लॅस्टर निघाल्यावर, तुझा हात मांडीवर का राहिला? प्रश्न अगदी ओठांवर आला. पण विचारला तर उत्तर मिळणार होतं. "मनगट दुखत होतं हो," असं साधं काहीतरी. चौतीस वर्षांनी एवढं साधं उत्तर घेऊन मी कुठे ठेवू?

"जेवायला बसायचं ना?" तो म्हणाला.

जेवणं झाली. तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली. "आधी त्याला खरं सांगा," ती म्हणाली. "मग काय बसवायचं ते बसवा."

हलका क्लच, तो रस्त्याने घोकत होता. हलका क्लच म्हणजे तिचा गुडघा. आता तर काही प्रश्नच नव्हता. ज्याला अक्कल आहे तो माणूस पाच गिअरचा घेईल. मग पाय का अडखळताहेत? आपला खांदा तसाही दांड्यापर्यंत धड जात नाही. जिथे पोचत नाही ती जागा सोडताना एवढं काय... पण आजवर आपण प्रत्येक गोष्ट तिला काय हवं असेल असं धरून केली, आणि ती निम्म्या वेळा चुकली. तिला काय हवं ते आपण कधी ओळखलंच नाही, आणि आपल्याला काय हवं ते विचारायची वेळच स्वतःवर येऊ दिली नाही. यालाच आपण स्वभाव म्हणत आलो. भित्रेपणाला केवढं सभ्य नाव.

गॅरेजमध्ये वेल्डर आलेला होता, बाकावर बसून चहा पीत होता. मिस्त्री गाडीच्या खालून बाहेर आला.

"मिस्त्री, सकाळी मी जे सांगितलं..." त्याची नजर टेबलावरच्या कडीकडे गेली. "गाडी ती चालवते. गिअर मी टाकतो."

"म्हणजे कसं?"

"क्लच तिचा. मी बाजूला बसतो, आणि दांडा... माझ्याकडे असतो. तिला क्लच उत्तम येतो. धरणाच्या भिंतीवरून तिने गाडी उलटी घेतलीय."

मिस्त्रीने वेल्डरकडे बघितलं. वेल्डरने कप खाली ठेवला.

"कधीपासून चाललंय हे?"

"चौतीस वर्षं."

"काका," मिस्त्री म्हणाला, "मग ती कडी झिजली कशी हे नका विचारू. इतकी टिकली कशी ते विचारा." तो हसत होता, पण सकाळचं हसणं नव्हतं. मग डोकं खाजवून म्हणाला, "मला आधी सांगायचं ना. पाच गिअरचा दांडा पार मागे येतो. खडूने खूण करून ठेवलीय. तुमचा हात तिथवर जातो का, बसून बघा एकदा. आम्ही चहा संपवतो."

गाडी चार ठोकळ्यांवर उचललेली होती. त्याच्या बाजूच्या दाराला वेल्डरचं सिलिंडर टेकवून ठेवलं होतं, म्हणून तो पलीकडून, तिच्या दाराने आत शिरला. सरकत सरकत आपल्या जागेवर जायचं होतं. पण आधी चाक आडवं आलं, मग गुडघा, आणि क्षणभर दम घ्यायला म्हणून तो तिथेच टेकला. या सीटवर तो कधी बसला नव्हता. कधीच नाही... चौतीस वर्षांत एकदाही नाही. चाक त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक होतं. आरसा तिच्या उंचीला लावलेला; त्यात त्याला स्वतःचा फक्त टकलाचा वरचा भाग दिसला. हात सहज बाजूला नेला तर लांब दांड्याची गोळी जरा पुढे वाकून हाताला आली. खाली, मांडीशी, खडूचं पांढरं वर्तुळ. इथून दोन्ही सारखेच होते. इथून काही अडत नव्हतं.

मग त्याने आपल्या सीटकडे बघितलं.

सीटचं रेक्झिन बाहेरच्या अर्ध्या भागावर जवळजवळ नवं होतं — खिडकीच्या बाजूला, जिकडे टेकून आपण बाहेरची झाडं बघत बसायचो असं तो समजत होता. आतली, इकडची कड मात्र दबून खाली गेली होती, शिवण उसवून आतला काथ्या दिसत होता, पाठीची गादीसुद्धा इकडेच कललेली. कुणीतरी वर्षानुवर्षं या बाजूला झुकून बसलं होतं. नुसतं हात लांबवण्यापुरतं नाही — दांड्यासाठी एवढं झुकावं लागत नाही, हे आत्ताच त्याच्या हाताला कळलं होतं. तो स्वतःला ताठ बसणारा माणूस समजत आला होता. जरा लांबच राहणारा. आणि इथून, या सीटवरून, मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातूनसुद्धा हे दिसत होतं. दर रविवारी दिसलं असणार. तिला सांगायची गरजच नव्हती, की मी... त्याने दबलेल्या कडेवर तळहात ठेवला. ऊन येऊन ती जागा कोमट झाली होती.

"काका, पोचतो का हात?" बाहेरून मिस्त्रीने विचारलं. "काय ठरलं मग?"

"सांगतो," तो म्हणाला.

सरकून आपल्या जागेवर जायला हवं होतं. हात पोचतो की नाही ते तिथूनच कळणार होतं. तो सरकला नाही. आता तोंड उघडलं की दोहोंपैकी एक काहीतरी बाहेर पडणार होतं, आणि कुठलं ते त्यालाही माहीत नव्हतं. पण ते चुकीचं निघालं तर — या विचारासरशी पोटात जो खड्डा जन्मभर पडत आला होता, त्याची त्याने वाट पाहिली, थोडी आणखी वाट पाहिली, आणि तो पडला नाही. मग ओळखीचं काहीतरी हरवल्यासारखा, थोडासा गोंधळून, तो तसाच तिच्या जागेवर बसून राहिला.